आधीं छायाचित्र, मग फवारणी

शेतकऱ्याचे वैरी पुष्कळ आहेत. अवर्षण, गारपीट, बाजारभावाची घसरण हे त्यांतले मोठे. त्यांची ओळख पटविण्यास कोणा पंडिताची गरज लागत नाहीं. परंतु पानाच्या पाठीमागें दडून बसणारा, मुगाच्या दाण्याहूनही लहान असा जो वैरी, त्याची खरी ओळख आमच्यांतील फार थोड्यांस असते. आणि ज्याची ओळख नाहीं त्याच्यावर दर हंगामांत हजारों रुपयांचें औषध उडविलें जातें. ह्या लेखांत आम्ही वाचकांस एक साधी गोष्ट सुचविणार आहोंत. ती ही कीं, शेतांत किंवा बांधावर अनोळखी कीटक दिसल्यास पंपास हात लावण्यापूर्वीं त्याचें स्वच्छ छायाचित्र काढावें, तें जाणत्यास दाखवावें, आणि मगच काय करावयाचें तें ठरवावें. सूचना लहान आहे. परंतु तिच्यांत पैसा, प्रकृति आणि जमिनीचें आरोग्य ह्या तिन्हींचा प्रश्न गुंतलेला आहे, असें आमचें ठाम मत आहे.

आमचें सारें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. त्या दप्तराचा एक जुना शिरस्ता आहे: पाहिल्यावांचून लिहूं नये, आणि लिहिल्यावांचून ठरवूं नये. बांधाचा तंटा आला म्हणजे चतुःसीमा पाहावयाच्या, हद्दीच्या निशाण्या शोधावयाच्या, पंच बोलावून पंचनामा करावयाचा, दोन्ही बाजूंचे जबाब घ्यावयाचे, आणि मग निकाल. वीतभर जमिनीसाठीं एवढी काळजी! परंतु तोच जमीनधारक आपल्या शेतांतील लक्षावधि जीवांस एका सकाळीं देहान्ताची शिक्षा देतो, तेव्हां त्यांतील गुन्हेगार कोण आणि निरपराधी कोण ह्याची चौकशी कोणी करीत नाहीं. पानास भोंक दिसलें कीं गडी तालुक्याच्या गांवीं जातो, "कपाशी खाल्ली, कांहीं तरी जालीम द्या" असें सांगतो, आणि ज्यानें तें पान डोळ्यांनीं पाहिलेंही नाहीं असा दुकानदार फळीवरची बाटली काढून देतो. कित्येकदां एका बाटलीवर भरंवसा नको म्हणून दोन-तीन औषधें एकाच पंपांत मिसळलीं जातात. "चोर सोडून संन्याशास सुळीं" ही म्हण आमच्या पूर्वजांनीं न्यायदानास उद्देशून योजिली असेल. आज ती फवारणीस तंतोतंत लागू पडते.

आतां हा संन्यासी कोण तें पाहूं. कपाशीवर मावा पडला म्हणजे त्याच्या मागोमाग एक काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीसारख्या अंगलटीची लहानशी अळी पानावर धांवतांना दिसते. पुष्कळ शेतकरी तिलाच नवी कीड समजतात. वस्तुतः ती ढालकिड्याची, म्हणजे त्या वाटोळ्या, तांबड्या, ठिपकेदार भुंगेऱ्याची अळी असून तिचें अन्न मावा हेंच आहे. कधीं पानावर केसाइतक्या बारीक देंठांच्या टोंकांवर उभीं असलेलीं फिकीं अंडीं दिसतात. तीं क्रायसोपाचीं, आणि त्यांतून निघणारी अळीही माव्यावर व तुडतुड्यांवर जगणारी. माव्याच्या थव्यांतच एखादी हिरवट, बिनपायाची, मऊ अळी पडलेली असते. ती सिरफिड माशीची, तीही आमच्याच पक्षाची. कांहीं मावे फुगून तपकिरी व टणक झालेले आढळतात, आणि त्यांच्या पाठीवर वाटोळें छिद्र असतें; त्यांच्या पोटांत वाढलेली एक सूक्ष्म परोपजीवी माशी तेथून बाहेर पडलेली असते. सर्वांत मोठी फसगत पिठ्या ढेकणाच्या बाबतींत होते. त्यास खाणारा क्रिप्टोलीमस नांवाचा भुंगेरा आहे. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणकट तंतूंनीं झांकलेली असल्यामुळें हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. चोर आणि शिपाई यांचा पोषाख एकच! नुसत्या डोळ्यांनीं त्यांतला भेद ओळखणें तरण्या माणसासही अवघड, मग पन्नाशी उलटलेल्याची कथा काय? पण स्वच्छ छायाचित्र घेऊन तें मोबाईलच्या पडद्यावर बोटांनीं मोठें केलें कीं भेद आपोआप उघडा पडतो.

छायाचित्रांत काय पाहावें ह्याचें एक सोपें सूत्र सांगतों: आधीं पाय मोजावे. ज्यास सहा पाय तो कीटक. ज्यास आठ, तो कोळी किंवा त्याच्या गोतांतला. फुलपांखरांच्या व पतंगांच्या अळ्यांस छातीखालीं सहा खरे पाय असून शिवाय पोटाखालीं मांसल, आंखूड पायांच्या जोड्या असतात. पिकें खाणाऱ्या बहुतेक अळ्या ह्याच वर्गांतल्या. ढालकिड्याच्या अळीस मात्र पुढचे सहाच पाय, पोटाखालीं जोड्या नाहींत. सोयाबीनवरील उंटअळीस पोटाखालच्या जोड्या कमी असल्यामुळेंच ती पाठीची कमान करून चालते. एवढें ज्ञान ज्याच्या पदरीं आहे त्याची अर्धी फवारणी विचारपूर्वक होईल.

आमच्या जिल्ह्यांतील पिकांकडे पाहिलें असतां ह्या गोष्टीचें महत्त्व अधिकच कळून येतें. भोकरदन व जाफ्राबाद भागांत मका पुष्कळ होतो. अमेरिकन लष्करी अळी ही परदेशी कीड हिंदुस्थानांत प्रथम २०१८ सालीं कर्नाटकांतील शिवमोग्गा भागांत नोंदली गेली, आणि त्याच वर्षीं ती महाराष्ट्रांत येऊन पोंचली. मक्यावर इतरही अळ्या असतात, परंतु हिची निशाणी स्वतंत्र आहे: डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकी रेघ, आणि शेंपटाकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनाच्या चार कोंपऱ्यांत ठेविल्यासारखे चार काळे ठिपके. हे ठिपके जवळून घेतलेल्या छायाचित्रांत उतरले कीं वाद मिटला. ओळख लवकर पटली तर अळी पोंग्यांत खोल शिरण्यापूर्वीं उपाय करतां येतो. उशीरा पटली तर वरून उडविलेलें औषध तिला पोंचत नाहीं व खर्च मात्र पोंचतो.

दुसरें उदाहरण मोसंबीचें. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालें आहे, हा आमच्या जिल्ह्याचा मान होय. परंतु पावसाळ्याच्या उत्तरार्धांत फळगळ सुरू झाली म्हणजे बागाईतदार दिवसा बागेंत हिंडतो, झाडावर एकही किडा दिसत नाहीं, आणि खतापासून हवेपर्यंत सर्वांवर आळ घेतो. फळगळीचीं कारणें अनेक आहेत हें खरें. पण त्यांतला एक चोर केवळ रात्रीं येतो. रस शोषणारा पतंग अंधार पडल्यावर येऊन आपल्या बळकट सोंडेनें पिकत्या फळास छिद्र पाडतो. त्या छिद्राभोंवतीं फळ नासतें व गळून पडतें. दिवसा तो वाळलेल्या पानासारखे पंख मिटून अन्यत्र दडतो. हातांत विजेरी व मोबाईल घेऊन रात्रीं आठ-नऊच्या सुमारास बागेंत फेरी मारावी, फळावर बसलेल्या पतंगाचें छायाचित्र काढावें. मागच्या पिवळ्या-नारिंगी पंखांवरील काळी खूण दिसली कीं गुन्हेगार सांपडला. आणि येथेंच बांधावरच्या रानटी वनस्पतींचा संबंध येतो. ह्या पतंगाची अळी मोसंबीवर वाढतच नाहीं. ती गुळवेल व वासनवेल ह्या वेलींवर वाढते. म्हणजे झाडावर कितीही औषध मारिलें तरी त्याचें घर शाबूतच. बागेलगतच्या ह्या वेलींवरील अळ्या शोधणें, गळालेलीं फळें उचलून पुरणें, सायंकाळीं धूर करणें हे उपाय ओळख पटल्यावरच सुचतात. रात्रीं जाणाऱ्यानें पायांत बूट घालावे व बरोबर दुसरा मनुष्य घ्यावा, हें सांगावयास नकोच.

कपाशीविषयीं तर बोलावें तितकें थोडें. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांतील कपाशीची जी दैना केली ती कोणी विसरलेलें नाहीं. ही अळी बोंडाच्या आंत राहते. बाहेरून छायाचित्र घेऊन ती दिसणार नाहीं. परंतु तिची आगाऊ सूचना देणारी डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उमलतां मिटून गुलाबाच्या कळीसारखें झालेलें फूल, छायाचित्रांत स्पष्ट उतरतें, व त्यांतील अळीही फूल उघडून टिपतां येते. ती लहानपणीं पांढुरकी असते, गुलाबी रंग मागाहून चढतो, हेंही ध्यानांत ठेवावें. "गुलाबी नाहीं, म्हणून ती नव्हे" असा निष्कर्ष काढूं नये. त्याच २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. फवारणी ही प्राणांशीं खेळण्याची गोष्ट आहे, आणि जी फवारणी अनाठायीं आहे तींत तर हा धोका फुकटच पत्करला जातो. शिवाय औषध वाऱ्याबरोबर शेजारच्या तुतीवर गेलें कीं रेशीमकिड्यांची जोपासना करणाऱ्या आपल्याच बांधवाचें पीक एका रात्रींत मरतें. बंदोबस्त नको असें आमचें म्हणणें नाहीं. बंदोबस्त ज्याचा त्यालाच व्हावा एवढेंच म्हणणें आहे.

कीटकांच्या प्रतिमा घेण्याचें काम पूर्वीं फार थोड्यांच्या हातीं होतें. बिहारांतील पुसा येथें १९०५ सालीं सरकारी कृषिसंशोधन संस्था निघाली. तेथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनीं १९०९ सालीं हिंदी कीटकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यांतील रंगीत पटांसाठीं चित्रकारांनीं एकेक किडा समोर ठेवून हातानें रंगविला. असा ग्रंथ खेड्यांतल्या शेतकऱ्याच्या दृष्टीस कोठून पडणार? पुढें कॅमेरा आला, परंतु सूक्ष्म जीव टिपण्यास लागणारें भिंग सामान्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. आज मात्र आमच्या प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. लग्नाचीं, जत्रेचीं आणि पुढाऱ्यांच्या सत्काराचीं छायाचित्रें काढून तो शिणला आहे. त्यास थोडें शेतांतलें काम देण्यास हरकत नाहीं.

हें काम कसें करावें तें आतां सांगतों. बहुतेक मोबाईल चार बोटांहून जवळची वस्तु स्वच्छ टिपीत नाहींत. त्यासाठीं मोबाईलच्या भिंगावर चिमट्यानें बसणारें लहान भिंग कांहीं शें रुपयांत मिळतें. तेंही नसल्यास घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचें किंवा बियाणें तपासण्याचें दहापट भिंग मोबाईलच्या डोळ्यास अगदीं भिडवून धरावें, काम भागतें. चित्र मोठें दिसावें म्हणून पडद्यावर आधींच ताणूं नये, त्यानें तें फुटतें. आधीं जवळ जाऊन टिपावें, मग मोठें करून पाहावें.

वेळ सकाळची, दंव वाळण्यापूर्वींची उत्तम. थंडाव्यानें कीटक जड झालेले असतात, उडत नाहींत. ऊन तिरपें असल्यामुळें अंगावरचे केस व ठिपके उठून दिसतात. दुपारच्या उन्हांत चकाकी येते व किडाही चपळ होतो. जवळ जातांना आपली सावली त्याच्यावर पडूं देऊं नये. सावली पडली कीं तो पळालाच. पुढून तडक न जातां वांकून, हळूहळू, एका बाजूनें जावें. वाऱ्यानें पान हलत असेल तर डाव्या हातानें देंठ धरावा आणि उजव्या हाताचें कोंपर गुडघ्यावर टेकवावें. इतक्या जवळून टिपतांना जो भाग स्पष्ट येतो त्याची जाडी सुताएवढीही नसते. म्हणून मोबाईल किड्याच्या अंगास समांतर धरावा, आणि पडद्यावर त्याच्या डोळ्यावर बोट टेकवून मग कळ दाबावी. एका किड्याचीं दहा चित्रें काढावीं. नऊ बिघडलीं तरी एक साधतें. अंधारांत मोबाईलचा दिवा वापरावा लागल्यास त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी धरावी, म्हणजे प्रकाश मवाळ पडतो.

चित्रें चार प्रकारचीं असावीं. पहिलें संपूर्ण झाडाचें. दुसरें खाल्लेल्या किंवा पिवळ्या पडलेल्या भागाचें. तिसरें किड्याचें वरून. चौथें बाजूनें, पाय दिसतील असें. त्यांपैकीं एकांत तरी शेजारीं रुपयाचें नाणें किंवा काडेपेटींतली काडी ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्यास आकार कळतो. मग वहींत लिहावें: तारीख, गट नंबर, पीक व त्याचें वय, किडा पानाच्या कोणत्या अंगास होता, आणि वीस झाडें पाहिलीं त्यांपैकीं कितींवर आढळला. हा शेवटचा आंकडा विसरूं नये. छायाचित्र ओळख सांगतें, संख्या सांगत नाहीं. आणि औषध मारावयाचें कीं नाहीं हें संख्येवर ठरतें. गुलाबी बोंडअळीसाठीं कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्रीं दर सापळ्यास आठ पतंग पडल्यास नुकसानीची पातळी ओलांडली, असा जो शास्त्रज्ञांचा दंडक आहे तो मोजल्याशिवाय कसा लागू करणार?

तारीख व ठिकाण लिहिण्याविषयीं आमचा एवढा आग्रह कां, ह्यास अलीकडचें एक कारण आहे. २०२२ च्या पावसाळ्यांत मराठवाड्यांत "घोणस अळी"चा बोभाटा झाला. ह्या अळीच्या अंगावरील कांटेरी केसांतला विषारी द्रव कातडीस लागला म्हणजे जबर आग होते, हें खरें; परंतु ती सापासारखी चावते व मनुष्य तात्काळ मरतो अशी आवई उठली, आणि भलत्याच प्रसंगांचीं छायाचित्रें तिच्या नांवावर ह्या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरूं लागलीं. कित्येक गांवीं मजूर शेतांत जाण्यास धजेनात. ज्या कागदावर तारीख नाहीं, गांव नाहीं, सही नाहीं, तो कचेरींत बेवारस ठरतो. छायाचित्रासही हाच न्याय लावावा. स्वतः काढलेलें, ठिकाण व दिवस माहीत असलेलें एक चित्र हें दुसऱ्यानें पाठविलेल्या शंभर चित्रांहून अधिक मोलाचें होय.

येथवर पिकांवरील कीटकांबद्दल लिहिलें. परंतु आमची दृष्टि बांधावर व रानांतही गेली पाहिजे. जो शेतकरी केवळ कीड शोधतो त्यास सारे जीव कीडच दिसतात. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ओल्या मातींत मखमलीसारखा लाल मृगाचा किडा निघतो. लहानपणीं तो तळहातावर घेतला नाहीं असा शेतकऱ्याचा मुलगा विरळा. त्याचें छायाचित्र काढून पाय मोजावे. आठ भरतील, म्हणजे तो कीटकच नव्हे हें पोरांस आपोआप कळेल. तुरीच्या फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. कांद्याच्या बियाण्याच्या गोंड्यांवर आग्या, फुलोरी व सातेरी मधमाशा आणि कित्येक लहान रानमाशा येतात. आमचा जिल्हा बियाण्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे, आणि कांद्याचें बीं भरणें हें बहुतांशीं ह्या माशांच्याच पायांवर अवलंबून आहे. आपल्या गोंड्यांवर कोण कोण पाहुणे किती वाजतां येतात हें आठवडाभर छायाचित्रांनीं नोंदलें, तर फवारणी कोणत्या वेळेस मुळींच करूं नये हें कोणी सांगावें लागणार नाहीं. आग्या मोहोळाच्या जवळ मात्र कोणीही छायाचित्रासाठीं जाऊं नये.

ह्या कामाचा नाद लागलेले लोक आमच्या राज्यांत पुष्कळ आहेत. मुंबईस १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें ह्या अभ्यासास वळण लाविलें. त्या संस्थेंत वाढलेले आयझॅक किहिमकर यांचें भारतीय फुलपांखरांवरील सचित्र पुस्तक २००८ सालीं बाहेर पडलें. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावर ओवळे गांवीं राजेंद्र ओवळेकर यांनीं आपल्या वडिलोपार्जित जमिनींत फुलपांखरांस लागणाऱ्या वनस्पति लावून बाग केली, आणि आज कॅमेरे घेऊन लोक तेथें मुद्दाम येतात. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं नीलवंत ह्या फुलपांखरास राज्याचें फुलपांखरूं ठरविलें. असें करणारें हें पहिलें राज्य. मौज अशी कीं, ह्या नीलवंताची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांचींच पानें खाऊन वाढते. आमच्या रोपवाटिकांत लिंबावरील साध्या फुलपांखराची जी अळी लहानपणीं पांखराच्या विष्ठेसारखी दिसते, तिचीच ही भाऊबंद. मोठ्या झाडास दहा-वीस पानें गेल्याचें दुःख नाहीं. कोंवळ्या कलमास मात्र आहे, आणि तेथें ती हातानें वेंचून काढतां येते. कोठें सोडावें आणि कोठें वेंचावें हा विवेक पाहणाऱ्यासच सुचतो, न पाहणाऱ्यास नाहीं.

ह्या सूचनेवर आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, शेतकऱ्यास एवढा वेळ कोठें? आमचें उत्तर असें कीं, चार चित्रें काढण्यास पंपांत पाणी भरण्याइतकाही वेळ लागत नाहीं, आणि एक अनाठायीं फवारणी वांचली तर दिवसाची मजुरी वांचते. दुसरा म्हणेल, उत्तर येईपर्यंत पीक जाईल. जी कीड ओळखीची आहे व जिची संख्या पातळीच्या वर गेली आहे तिच्यासाठीं थांबा असें आम्ही म्हणत नाहीं. अनोळखीसाठीं एक दिवस थांबल्यानें बहुधा कांहीं बिघडत नाहीं, घाईनें मात्र मित्रकीटक मरून कीड दुपटीनें उसळते. तिसरा म्हणेल, म्हाताऱ्यांस मोबाईल कोठें चालवितां येतो? घरांतील आठवी-नववीच्या मुलामुलींस येतो. त्यांच्या हातीं हें काम द्यावें. शाळेंतील विज्ञान शेतांत उतरेल, आणि पुढच्या पिढीस शेताकडे पाहण्याचें नवें कारण मिळेल.

चौथा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्राच्या उत्तरावर भरंवसा किती ठेवावा? केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली १५ ऑगस्ट २०२४ रोजीं सुरू झाली. तींत शेतकऱ्यानें पाठविलेल्या छायाचित्रावरून यंत्र कीड ओळखतें. आम्ही तिचें स्वागत करितों. परंतु यंत्राचें उत्तर हा एक जबाब आहे, निकाल नव्हे. चित्र पुसट असेल तर उत्तरही पुसटच येणार. म्हणून यंत्राचें मत घ्यावें, आणि शंका असल्यास तेंच चित्र खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रास, बदनापूरच्या संशोधन केंद्रास किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठास दाखवावें. ज्याच्या दुकानांत औषध विकत घ्यावयाचें त्याच्याच तोंडून रोगाचें निदान ऐकण्याची चाल मात्र सोडावी. त्यांत दुकानदाराचा दोष असो वा नसो, व्यवहार म्हणून ती चाल बरी नव्हे.

राज्याच्या कृषि खात्यानें २००८ सालच्या सोयाबीनवरील किडींच्या उद्रेकानंतर २००९-१० पासून किडींच्या सर्वेक्षणाची योजना चालविली आहे. योजना चांगली, पण सरकारी निरीक्षक नेमलेल्या प्लॉटांवर जाणार, प्रत्येकाच्या बांधावर नव्हे. पीकपाहणीचाच दाखला घ्या. आमच्या नोकरीच्या काळीं पिकाची नोंद तलाठ्याच्या लेखणीनें होत असे. २०२१ च्या खरिपापासून शेतकरी स्वतःच शेतांत उभा राहून मोबाईलनें पिकाचें छायाचित्र काढतो, व त्यावरून सात-बाऱ्यावर पीक चढतें. शेतकऱ्यानें काढलेलें छायाचित्र सरकारनें एकदां पुरावा म्हणून मानिलें, तर पिकावरच्या किडीचें छायाचित्रही त्याच मानानें मानिलें जाण्यास काय अडचण आहे?

म्हणून आपल्या मंडळापुढें आम्ही तीन सूचना ठेवितों. पहिली, मंडळानें प्रत्येक तालुक्यास निदान एक चांगलें भिंग ठेवावें व तें गरजूंस उसनें द्यावें. दुसरी, सभासदांनीं पाठविलेलीं, तारीख-गांव-पीक लिहिलेलीं छायाचित्रें एका नोंदवहींत क्रमानें लावावीं. जाणत्यांकडून नांव निश्चित करून घेऊन त्यांतील उपयुक्त तीं ह्या मासिकांत छापावीं, मित्र एका बाजूस व वैरी दुसऱ्या बाजूस. दोन-तीन हंगामांत आमच्या जिल्ह्याची अशी एक वही तयार होईल कीं, कोणत्या नक्षत्रांत कोणत्या मंडळांत कोणता कीटक प्रथम दिसतो हें तींतून वाचतां येईल. तिसरी, मासिक सभेंत हिशेबाबरोबर "ह्या महिन्यांत किती फवारण्या वांचल्या" हेंही विचारलें जावें. कारण न झालेला खर्च कोणत्याच खातेवहींत दिसत नाहीं, आणि म्हणून त्याचें श्रेयही कोणास मिळत नाहीं.

येत्या हंगामांत कपाशीस चार-सहा पानें फुटलीं कीं प्रत्येक वाचकानें एका सकाळीं वीस झाडें पाहावीं, पान उलटून पाहावें, आणि जो पहिला अनोळखी जीव दिसेल त्याचीं चार छायाचित्रें मंडळाकडे पाठवावीं. त्यानंतर पंप उचलावयाचा कीं नाहीं, हें मग सारे मिळून ठरवूं.